डोहाळ्याचा खडस

मासे धरायला कुणाला शिकवू नये. ज्याला शिकवाल तो आधी तुमची जागा बघतो, मग तुमची काठी मागतो आणि शेवटी तुम्हालाच शिकवायला लागतो. हे ठाऊक असूनही मी दोघांना शिकवलं. त्यातला एक शिंपी होता आणि दुसरा टांगेवाला. दोघांनाही मासे धरता आले नाहीत असं म्हणायची मला फार इच्छा आहे, पण तसं म्हणता येत नाही.

मी तेव्हा भोरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. संस्थानचे दिवस. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, मी औषध खलात कुटायचो, बाटलीत ढवळायचो आणि बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवून खिडकीतून द्यायचो. लोक मला पाठीमागं 'अर्धा डॉक्टर' म्हणत. टांगेवाला तोंडावर म्हणायचा. दुपारी दवाखाना बंद झाला की मी नदीवर. आमची मंडळी म्हणायची, "सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या, नदीचं काय धरू?" मी उत्तर देत नसे. मासेमारीनं माणसाला काही शिकवलं असेल तर ते एवढंच.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात कुणीही मासा धरतो. त्याला अक्कल लागत नाही. खरी परीक्षा थंडीत. नीरा निवळते, तळाचे गोटे मोजता येतील असं पाणी होतं, आणि मासा तळाला जाऊन बसतो. खाणं कमी करतो आणि काठावरच्या माणसाला टोपीसकट बघतो. त्यातून खडस म्हणजे तर विचारूच नका. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, अंगावर पिवळसर झाक असलेला हा मासा स्वभावानं कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखा. पुढं केलेली वस्तू आधी लांबून बघणार, तोंड फिरवून जाणार, मग काही काम आठवल्यासारखा परत येणार. ऊन डोक्यावर येऊन पाणी जरा कोमट झालं की तेवढ्या वेळात काय ते.

उत्रोलीकडं जाणारी वाट सोडून खाली उतरलं की नदीला एक वळण आहे. वळणावर उंबर, आणि उंबराखाली डोह. उंबरं पिकून पाण्यात पडतात म्हणून खडस तिथं मुक्कामाला. तो डोह माझा होता. म्हणजे कागदावर नव्हता, पण माझा होता. मी तो कुणाला दाखवला नव्हता. काठी घेऊन निघताना कुणी "कुठं?" असं विचारलं तर मी सरळ माघारी घरात येऊन बसायचो. निघालेल्या माणसाला 'कुठं?' असं विचारू नये, फार तर 'लांब का?' म्हणावं, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

दवाखान्यासमोर शिंप्याचं दुकान होतं, दुकानामागंच घर. हा जातीचा शिंपी नव्हे. शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात राहून मशीन शिकून आलेला. बोलायला मवाळ, हाताला चलाख, आणि माझा जवळचा दोस्त. एके दिवशी तो दुपारी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. हातात बायकोची खणाची चोळी.

"दंडातनं परत आत घेतली," तो म्हणाला.

मला आधी काही उमगलं नाही. मी म्हणालो, "मग?"

"मग काय! गरवार बाईची चोळी बाकीचे शिंपी उसवत्यात. म्या आत घेतोय. ही तिसरी खेप."

मग मात्र उमगलं. वहिनींना पाचवा महिना होता. त्याआधीची दोन मुलं गेली होती, एक पोटातच, एक जन्मल्यावर रडायच्या आधी. आणि या खेपेला त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. भात ठरेना, पेज ठरेना. डॉक्टरांनी दिलेलं औषध मीच कालवत होतो, तेही उलटून पडत होतं. बाईच्या अंगावर नुसती हाडं राहिली होती आणि त्या हाडांना मूल वाढवायचं होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी चोळी उलटी करून बघितली. आत शिवणीच्या कडेला दुमडलेल्या कापडाची चांगली रुंद पट्टी. "ही कापून टाक की," मी म्हणालो. "दंडाला टोचत असेल."

त्यानं चोळी माझ्या हातातून काढून घेतली. "ती माया हाय. कापली की संपलं. उद्या वाढवायची झाली तर कापड कुठनं आणू?"

शिवणीत राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात, हे मला माहीत होतं. पण एवढी माया ठेवून चोळी शिवणारा शिंपी मी पाहिला नव्हता. सगळ्या पेठेत हा वीतभर खणातून टोपी काढतो म्हणून प्रसिद्ध होता.

"तिला डोहाळा लागलाय," तो म्हणाला. "खडसाचा."

वहिनींचं माहेर मार्गासनी. तिथल्या नदीत त्यांचे वडील खडस धरायचे आणि घरी आमसूल घालून रस्सा व्हायचा. बाईला त्या रश्श्याची आठवण झाली होती. आता कुणालाही वाटेल की हे काम सोपं. मलाही वाटलं. शिंप्यानं बाजारातून मासा आणला. मार्गशीर्ष महिना, अर्ध्या भोरानं मासे-मटण सोडलेलं, त्यामुळं मासा मिळाला तो भाटघरच्या धरणातला. वहिनींनी पदर नाकाला लावला. "गाळाचा वास येतोय," म्हणाल्या. मग मी माझ्या डोहातून एक बरा खडस धरून स्वतः नेऊन दिला. त्यांनी माशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी जीव लावून आणलासा. पण डोहाळा नवऱ्यानं पुरवायचा असतो. माज्या येळी माज्या आईला बाबानंच धरून दिलता."

"वहिनी, मेलेल्या माशाला कुणी धरला ते आठवत नसतं," मी म्हणालो.

पण त्यांना उमासे यायला लागले होते. मी मासा घेऊन घरी आलो. आम्ही तो खाल्ला. उत्तम होता, पण मला गोड लागला नाही.

टांगेवाला म्हणाला, "सोपं हाय. अर्ध्या डाक्टरनं धरायचा आनि ह्येनं सांगायचं म्याच धरला."

शिंपी म्हणाला, "तिला खोटं कळतं. माजं कान लाल व्हत्यात."

आम्ही परीक्षा घेतली. टांगेवाल्यानं त्याला विचारलं, "माजा घोडा कसा हाय?" शिंपी म्हणाला, "लई तरणा." कान शेंदरासारखे लाल. म्हणजे तो मार्ग बंद झाला. शिंप्याला मासा धरायला शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि शिकवायचं तर डोह दाखवणं आलं.

टांगेवाला यात कसा शिरला तेही सांगतो. भोरातल्या मुसलमान वस्तीत त्याचं घर. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. थंडीत निवळ पाण्यात सुताची दोरी माशाला दिसते, म्हणून मी घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोरी करायचो. पांढऱ्या घोड्याचे केस सगळ्यांत चांगले, आणि भोरात पांढरा घोडा त्याचाच. या वेळी मोठ्या खडसासाठी जाड दोरी हवी होती, म्हणून जरा जास्त केस मागितले. तो म्हणाला, "शेपूट माज्या घोड्याचं, म्हंजे मासा निम्मा माजा. मला बी शिकवा." शेपूट बरंच विरळ झालं. थंडीत माश्या कमी असतात म्हणून बरं, नाहीतर त्या घोड्यानं मला शाप दिला असता.

पहिल्या दिवशी दोघांना डोहावर नेलं. टांगेवाल्याला हळू बोलता येत नव्हतं. जन्मभर घोड्याशी बोललेला माणूस. पाण्यावर तरंगायला दोरीला बांधलेली मोरपिसाची काडी जरा हलली की तो "हॅक! हॅक!" करायचा. शिंप्याची तऱ्हा निराळी. मशीनवर धागा अडकला की शिंपी झटका देतो, तसा तो काडी हलली की झटका द्यायचा. माशानं नुसता वास घ्यावा आणि यानं गळ उपसून उंबराच्या फांदीत अडकवावा. एकदा झटक्यात गळ माझ्या टोपीत रुतला आणि टोपी डोहात गेली. त्या दिवसाची ती एकच शिकार.

"आरं, धागा न्हवं त्यो!" मी ओरडलो. "जनावर आहे! त्याला घेऊ दे, गिळू दे, मग उचल!"

"मला वाटलं पळंल."

"पळू दे! पळाल्याशिवाय मासा कसा म्हणायचा?"

माझा रागाचा पारा असा चढला की डोहातले उरलेसुरले मासेही माझ्यामुळंच पळाले असावेत. गाढवापुढं वाचली गीता, एवढं म्हणून मी काठी आवरली. शिंपी वाटेनं खाली मान घालून चालला होता. त्याचे डोळे भरलेत हे मी बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. मग मी ठरवलं की याला शिकवायचं नाही. माशांनाच शिकवायचं.

मासा हा सवयीचा गुलाम. रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी खाणं पडलं की तो हजर राहतो. मग गळ कुणीही टाकला तरी चालतो. मी शिंप्याला नीट बजावलं. पौर्णिमेपर्यंत काठीला हात लावायचा नाही. रोज सूर्य डोक्यावर आला की डोहावर जायचं. जाण्याआधी आंघोळ करायची, कारण त्याच्या हातांना मशीनच्या तेलाचा वास यायचा आणि खडसाला तो खपत नाही. डोहाच्या वरच चपला काढून ठेवायच्या, कारण काठावर पाऊल वाजलं की मासा दचकतो. उंबराखाली एका दगडाजवळच बसायचं, म्हणजे सावली पाण्यावर पडत नाही. मूठ-मूठ चुरमुरे टाकायचे, खोबऱ्याचा कीस आणि गूळ टाकायचा. तोंडातून अक्षर काढायचं नाही. कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही, कारण डोह गावाला कळता कामा नये.

"समजलं?" मी विचारलं.

"समजलं," तो म्हणाला. शिंपी माप घ्यायला चुकत नाही. सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस.

नेमकी तेव्हाच खोकल्या-तापाची साथ आली आणि दवाखान्याच्या खिडकीत रांग लागली. मला डोहावर जायला मिळेना. शिंपी रोज जाऊन यायचा आणि संध्याकाळी खिडकीशी येऊन हकिकत सांगायचा.

"आज आलं. लांबनं बघून गेलं."

मग, "आज चुरमुरं वरच्या वर खाल्लं."

मग एके दिवशी, "पायाशी येत्यात. एकानं बोटाला तोंड लावलं."

"खोटं," मी म्हणालो. खडस माझ्या बोटाशी कधी आला नव्हता. मी त्याचे कान बघितले. लाल नव्हते. मला असा हेवा वाटला की त्या रात्रीचा भात घशाखाली उतरेना.

"बायका बघत्यात," तो एकदा म्हणाला. "उत्रोलीच्या. धुणं घिऊन येत्यात."

"तू बोलला नाहीस ना?"

"छ्या! हात जोडतो. म्हंजे, माफ करा, बोलता येत न्हाई."

"शाबास," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो.

त्याच आठवड्यात चोळी आणखी एकदा आत घेतली गेली. या वेळी त्यानं ती मला दाखवलीही नाही. दुकानात पाठमोरा बसून मशीन चालवत होता, आणि पेठेत सगळ्यांना ऐकू जाईल असं हुंदके देऊन रडत होता. मशीनच्या आवाजात झाकलं जातंय असं त्याला वाटत असावं. मी दवाखान्याची खिडकी लावली आणि आत खलात उगाच काहीतरी कुटत बसलो. मला वाटलं, आपण औषधं कालवतो, मासे धरतो, आणि समोरच्या घरात एक बाई उपाशी मरते आहे.

पौर्णिमा झाली. आम्ही तिघं टांग्यातून निघालो. वाटेवर टांगा सोडला आणि खाली उतरायला लागलो, तर पुढून एक बाई आली. हातात तांब्या, तांब्यात पाणी, वर नारळाची वाटी. रीतीप्रमाणं "लांब का?" म्हणाली, आणि मग शिंप्याला बघून एकदम वाकली. "म्हाराज आलं!"

टांगेवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी शिंप्याकडं बघितलं. शिंप्यानं सवयीनं हात जोडले.

डोहावर जत्रा होती. मी ज्या दगडाजवळ बसायला सांगितलं होतं तो दगड शेंदरानं माखलेला. त्याला झेंडूची माळ. उंबराच्या फांदीला घंटा. बायका हारीनं बसलेल्या, एक कडेवरचं पोर भोकाड पसरतंय, कुणी घंटा वाजवतंय, आणि डोहात? डोहात खडस. एवढे खडस मी आयुष्यात एकत्र पाहिले नव्हते. काठाला तोंडं लावून, गर्दी करून, चुरमुरे गिळत होते. मी त्यांच्यासाठी कितीतरी हिवाळे श्वास रोखून बसलो होतो, आणि ही मंडळी घंटेच्या तालावर जेवत होती.

दगडाशेजारी एक म्हातारी बसली होती. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणायचं आणि तिच्या शब्दाबाहेर जायचं नाही.

"ह्ये मौनी हायत," तिनं बायकांना सांगितलं. "बोलायचं न्हाईत." मग तिची नजर काठीवर गेली. "आनि ही काठी कसली?"

"पताका लावायची हाय," टांगेवाला म्हणाला.

"आनि काठीला आकडा कसला?"

 घंटा थांबली. पोरगंसुद्धा थांबलं. मग मी पुढं झालो. शिकलेला माणूस मीच होतो, समजावून सांगणं माझं काम होतं. मी म्हणालो, "आत्याबाई, तुमचा गैरसमज झालाय. यात देवाचा काही संबंध नाही. आंघोळ ती मशीनच्या तेलाच्या वासासाठी. चपला काढायच्या त्या आवाजासाठी. बोलायचं नाही ते मासा बुजतो म्हणून. चुरमुरे, खोबरं, गूळ हे माशाला आवडतं म्हणून, आणि रोज एकाच वेळी यायचं ते त्याला सवय लागावी म्हणून."

तिनं सगळं ऐकून घेतलं. "आमच्या देवळात बी ह्येच करत्यात," ती म्हणाली. "मग येगळं काय हाय?"

 करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणतात. इथं तर मी मासा करायला गेलो होतो.

पण बायकांना एव्हाना उमज पडली होती. "देवाचं मासं धराया आलं!" एकच गिल्ला झाला. एक म्हणाली काठी मोडा, दुसरी म्हणाली पाटलाला बोलवा. टांगेवाला हळूहळू वाटेकडं सरकायला लागला. मीही सरकलो असतो.

शिंपी सरकला नाही. तो पुढं गेला आणि आत्याबाईसमोर मटकन खाली बसला.

"म्या म्हाराज न्हाई," तो म्हणाला. महाराज बोलले म्हणून काही बायका दचकल्या. "म्या पेठंत शिलाई करतो. बायकोला पाचवा सरला. आदीची दोन गेली आमची. हिच्या पोटात पानी बी ठरना. म्या तिची चोळी आत घेतो, आत घेतो, आता आत घ्यायला काय उरलं न्हाई. तिला खडस पायजे, माज्या हातचा. देवाचा असंल तर देवाचा. पर मला मासा पायजे." आणि तो पोरासारखा रडायला लागला.

 मला समोरचं धूसर दिसायला लागलं. टांगेवाला परत आला होता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"म्हायेर कुठलं तिचं?" आत्याबाईनं विचारलं.

"मार्गासनी."

"मग खडसच मागनार." तिनं बायकांकडं बघितलं. "काय गं, गरवारणीचा डोहाळा मोडतो त्यो देव कसला?"

बायका म्हणाल्या, खरंच की. मघाशी काठी मोडायला निघालेली बाई सगळ्यांत आधी म्हणाली.

"पर असा चोरून न्हाई न्यायचा," आत्याबाई शिंप्याला म्हणाली. "इतकं दीस मुक्यानं खाऊ घातलंस. आता तोंड उघड आनि माग. आनि गळ एकदाच टाकायचा. दिला तर तुजा. न्हाई दिला तर गुमान घरला जायाचं."

एकदाच! टोपी धरणाऱ्या माणसाला! मी म्हणणार होतो, की निदान तीनदा तरी. पण तिच्याकडं बघून म्हणालो नाही.

शिंपी काठावर उभा राहिला. मी शिकवलेलं एकूण एक मोडत होतं. बायकांच्या सावल्या पाण्यावर, पोराचा पुन्हा टाहो, टांगेवाला मोठ्यानं अल्लाचं नाव घेतोय. शिंपी पाण्याकडं बघून म्हणाला, "एक द्या. मोठा नगं. रश्श्यापुरता." आणि कणकेची गोळी लावलेला गळ त्यानं सोडला.

एवढ्या गलक्यातही मासे पळाले नाहीत. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ते शांततेला सरावलेच नव्हते. त्यांना गलक्याची सवय लागली होती. आम्ही गप्प बसलो असतो तर ते गेले असते.

मोरपिसाची काडी थरथरली. आता हा झटका देणार. मी ओठ चावून धरला. शिंप्यानं झटका दिला नाही. नंतर त्यानं सांगितलं की दोरी त्यानं दोन बोटांत हलकेच धरली होती, मशीनवरच्या धाग्याचा ताण बघतात तशी. काडी पुन्हा थरथरली, आडवी झाली, आणि एकदम आत गेली.

त्यानं काठी उचलली. उचलली, ओढली नाही.

खडस असा पळाला की काठी वाकून पाण्याला टेकली. "ढिला सोड!" टांगेवाला गरजला. "लगाम ढिला सोड! पळू दे त्येला! आता वळव! वळव! मुळाकडं जाऊ दिऊ नगंस!" बायका ओरडत होत्या, कुणीतरी घंटा बडवत होतं. मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला होता. मासा उंबराच्या मुळांकडं दोनदा गेला आणि दोनदा वळला. घोड्याचं शेपूट टिकलं. मग शिंपी कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि त्यानं खडस दोन्ही हातांत घेतला. मोठा नव्हता. रश्श्यापुरता होता.

आत्याबाईनं माशाला कुंकू लावलं. मग माझ्याकडं वळली. "आनि तुमी. परत हितं गळ घिऊन दिसलासा तर तंगडं मोडीन."

"मी काय केलं?"

"तुमीच शिकिवलं की."

रस्सा आमच्या मंडळींनी केला, आमसूल घालून. ताट आत गेलं आणि आम्ही तिघं शिंप्याच्या ओट्यावर बसलो. आत काय होतंय ते ऐकत. उमासे यायला ताट पुढं आल्यावर फार वेळ लागत नसे, हे आम्हाला माहीत होतं. शिंपी जमिनीकडं बघत होता. टांगेवाल्यानं विडी काढली आणि पेटवली नाही. मी या दोघांना गप्प बसायला डोहावर शिकवून शिकवून थकलो होतो. तिथं जमलं नाही, ते ओट्यावर जमलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग भांड्याचा आवाज झाला. शिंपी दचकून उभा राहिला.

"अवं," आतून वहिनींचा आवाज आला, "भाकरी हाय का अजून?"

शिंप्याच्या आधी टांगेवालाच ओरडला, "हाय! हाय, वहिनी! चिक्कार हाय!" वास्तविक त्या घरात किती भाकरी होत्या हे त्याला काय माहीत. तो धावत आमच्याच घरी गेला आणि आमच्या रात्रीच्या भाकऱ्या उचलून आणल्या.

एका माशानं माणूस बरा होत नाही. मी कंपाउंडर आहे, मला ते कळतं. डॉक्टर म्हणाले की पाचवा सरला की पुष्कळ बायकांच्या उलट्या आपोआप थांबतात. मी हे उत्रोलीत कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यावरून आत्याबाईनं माझं दुसरंही तंगडं मोडलं असतं.

डोह गेला तो गेलाच. पुढच्या हिवाळ्यात मी दुसरी जागा शोधली. तिथं खडस नव्हता, खवल्या नावाची बारकी मासळी होती. तरीही अधूनमधून मी उंबराखाली जातो. आंघोळ करून जातो, चपला वर काढतो आणि चुरमुरे टाकतो. खडस आता माझ्याही बोटाला तोंड लावतात. काठी घरी असते. कुणी विचारलंच तर मी हात जोडतो.

वैशाखात शिंप्याला मुलगी झाली. उपजताच असा टाहो फोडला की सुईण म्हणाली, हिला आवाजाचं वावडं न्हाई. पण मला जास्त आठवतो तो त्याच्या आधीचा, थंडी सरतानाचा एक दिवस. दवाखाना बंद व्हायच्या वेळेला शिंपी येऊन पायरीवर बसला. हातात तीच खणाची चोळी. खिशातून त्यानं लहान कात्री काढली आणि दंडाची शिवण एकेक टाका उसवायला लागला. मी खिडकीतून विचारलं, "काय रे, काय झालं?"

"दंडात बसंना," तो म्हणाला.

आत दुमडलेली पट्टी त्यानं उलगडली, अंगठ्यानं दाबून सरळ केली, आणि उन्हाला धरून बघितली. बाहेरचा खण धुऊन धुऊन विटला होता. आतली पट्टी मात्र नव्यासारखी गडद होती.

"सगळी माया लागली," तो म्हणाला. त्याचे कान लाल नव्हते.